गाडीवरील चिकटा व तो काढण्याची रीत

ज्वारीवर मावा पडला म्हणजे पानांवर जो चिकटा येतो, त्याची ओळख माण, खटाव व जत या भागांतील शेतकरी बंधूंस नव्याने करून देण्याचे कारण नाही. आज आम्ही ज्या चिकट्याविषयी लिहिणार आहोत, तो पिकावरचा नसून ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या पत्र्यावरचा आहे. चिकटपट्टी, स्टिकर अथवा रिफ्लेक्टरची चकाकती पट्टी निघून गेल्यावर मागे जो काळपट, धूळ धरून बसलेला थर राहतो, तोच हा चिकटा होय. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात रंगाचा, पैशाचा व प्रसंगी माणसाच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे, हे पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

दसरा-दिवाळी उलटली की रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडजवळचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू इत्यादी कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ही वाहतूक रात्रीही चालते. पुष्कळ ट्रॉल्यांस मागचा दिवा नसतो. असला तरी धक्क्यांनी तार तुटलेली असते. अशा वेळी पुढे पांढरी, बाजूस पिवळी व मागे तांबडी अशी रिफ्लेक्टरची पट्टी हीच काय ती खूण उरते. या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी अथवा लोलकासारखे पैलू बसविलेले असतात. त्यांवर पडलेला उजेड इतस्ततः न पसरता, जिकडून आला तिकडेच परत फिरतो. त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीवानास अंधारातही ट्रॉली दुरून दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत रिफ्लेक्टरविषयी तरतूद आहे, ती याचसाठी.

आमचा अनुभव

दोन हंगामांपूर्वी आमच्या घरच्या ट्रॉलीची मागची पट्टी जीर्ण होऊन निघाली होती. मोळी पडण्याची घाई होती. सबब खालचा चिकटा न काढता, वरवर फडके फिरवून आम्ही तिच्या जागी नवी पट्टी दाबून बसविली. चौथ्या रात्री ती वाटेत कोठेतरी गळून पडली व तिचा पत्ता कोणासही लागला नाही. विट्याच्या रस्त्यास ट्रॉली उभी असता मागून मोटारसायकलवर एक तरुण आला. ट्रॉली त्यास अगदी जवळ आल्यावर दिसली. त्याने गाडी चरीत घातली म्हणून जीव वाचला. हात मात्र मोडला. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही कित्येक पंचनाम्यांच्या नकला निर्विकारपणे केल्या. परंतु त्या रात्री इस्पितळाच्या ओसरीवर त्या मुलाच्या आईसमोर मान वर करणे आम्हांस जड गेले. पट्टी चांगली होती. दोष होता खालच्या चिकट्याचा व तो न काढणाऱ्या आमचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरी चूक केली. रागाच्या भरात खुरपे घेऊन तो चिकटा खरवडला व वर थिनर ओतला. चिकटा गेला, परंतु त्याबरोबर तळहाताएवढा रंगही गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी तांबेरा पडावा तसा पत्रा गंजला. या दोन चुकांच्या मधला जो योग्य मार्ग, तोच येथे सांगावयाचा आहे.

चिकटा धरतो कशाने?

मौजेची गोष्ट अशी की, रंगाऱ्यांच्या चिकटपट्टीचा जन्मच मोटारीच्या रंगकामातून झाला. अमेरिकेत त्या काळी दुरंगी मोटारींची आवड पडली होती. एक रंग देताना दुसरा भाग कागदाने झाकीत; परंतु कागद चिकटविण्यास जी पट्टी वापरीत, ती काढताना ताजा रंगही उपटून येई. सेंट पॉल येथील थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी ही अडचण पाहून 1925 साली रंगाऱ्यांची कागदी पट्टी सिद्ध केली, व 1930 साली पारदर्शक पट्टीही काढली. साफ निघून येणे हा या कागदी पट्टीचा मूळ धर्म होय. परंतु तीही वेळेवर काढली तरच साफ निघते.

पुष्कळ चिकटपट्ट्यांचा लेप म्हणजे रबर व राळ यांचे मिश्रण असते. आपल्याकडील चैत्र-वैशाखाचे ऊन त्यावर महिनोन् महिने पडले की तो लेप आधी पाघळून रंगाच्या बारीक खाचांत उतरतो, व पुढे हवा आणि ऊन यांच्या योगाने वाळून कठीण होतो. पट्टीची पाठ कुजून जाते. लेप तेवढा राहतो. सबब पहिला नियम असा की, लग्नाच्या अथवा दसऱ्याच्या सजावटीसाठी लावलेली पट्टी दुसऱ्याच दिवशी काढावी. सुतळीने काम भागत असेल तर पट्टी लावूच नये.

काढण्याची कृती

प्रथम साबणाच्या पाण्याने जागा धुऊन धूळ व वाळू काढावी. अन्यथा पुसताना तीच वाळू रंगावर ओरखडे पाडील. नंतर ऊब द्यावी. गाडी तासभर उन्हात उभी करावी, अथवा कढत पाण्यात बुडवून पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे चिकट्यावर दाबून ठेवावे. जाळ, पलिता अथवा टेंभा जवळ नेऊ नये. लेप मऊ झाला की बांबूची चपटी कांब किंवा बँकेचे बाद झालेले प्लॅस्टिकचे कार्ड तिरपे धरून हलक्या हाताने लोटावे. खुरपे, विळा, पाते अथवा तारेचा घासण्या यांस हात लावू नये.

उरलेल्या चिकट्यास गाडी सावलीत घेऊन तेल लावावे. घरचे शेंगदाण्याचे अथवा करडईचे तेल चालते. तेलात भिजविलेले फडके चिकट्यावर अर्धा तास ठेवावे. तेल आत मुरून लेप फुगतो व बोटाने चोळताच त्याच्या वळ्या निघू लागतात. येथे धीर हेच मुख्य औषध होय. एका खेपेस न निघाल्यास दुसऱ्यांदा तेल लावावे. जोर लावू नये. तेलास दाद न दिल्यास रंगाच्या दुकानातील टर्पेंटाईन फडक्यावर घेऊन पुसावे. फोमच्या दुहेरी पट्टीचा लेप बहुधा निराळ्या जातीचा असतो. त्यावर दवाखान्यातील स्पिरिट अधिक लागू पडते. कोणतेही द्रव्य प्रथम गाडीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून, रंग फडक्यास लागत नाही याची खात्री करून घ्यावी. गावच्या कारागिराने फवारलेला रंग कारखान्यातील भट्टीच्या रंगाइतका टिकाऊ नसतो, हे ध्यानात ठेवावे.

पेट्रोल वापरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. ते भडकते, सबब त्याज्य समजावे. थिनर रंग खातो, व दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या काचांस तडे पाडतो. तेल व टर्पेंटाईन टायरच्या रबरास लागू देऊ नये. स्पिरिटही ज्वालाग्राही आहे. काम उघड्यावर करावे व विडी दूर ठेवावी.

शेवटची पायरी बहुतेक जण चुकवितात. चिकटा निघाला तरी तेलाचा हात पत्र्यावर राहतोच, आणि तेलकट पत्र्यावर नवी पट्टी ठरत नाही. म्हणून जागा साबणाने दोन वेळा धुऊन, पूर्ण वाळवून, शेवटी स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने पुसावी. गंज दिसल्यास तो घासून, रंग देऊन, रंग चांगला वाळेपर्यंत थांबावे. मग पट्टी एका टोकापासून दाबीत लावावी, व निदान एक दिवस तिला पाणी लागू देऊ नये.

समारोप

सारांश, आधी ऊब, मग तेल, मग साबण व शेवटी स्पिरिट, असा हा क्रम आहे. खर्च किरकोळ, वेळ अर्धा दिवस. खंडेनवमीस अवजारे धुऊन पुजण्याची आपली चाल आहेच, आणि ती नेमकी हंगामाच्या तोंडावर येते. त्या दिवशी ट्रॉलीस हळदकुंकू वाहण्यापूर्वी तिच्या मागच्या फळीवरचा जुना चिकटा काढून नवी तांबडी पट्टी बसवावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती आहे. आम्ही हे काम आता दर वर्षी स्वतःच्या हाताने करतो. ते गड्यावर सोपवीत नाही. त्या मुलाचा हात बरा झाला; परंतु विट्याच्या रस्त्यावरील त्या रात्रीची नोंद आमच्या मनातून खोडली गेलेली नाही.