गरम ऑइल, जाम नट आणि हाताची बोटे

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास, विशीतला एक फिटर उजवा हात वर धरून दवाखान्यात शिरला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा लेप होता. भाजले असावे हे कळले, पण किती ते दिसेना. लेप कशाचा म्हणून विचारले, तर सोबतचे मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टूथपेस्ट लावली. गार वाटतं ना." ती पेस्ट धुऊन काढायलाच अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात पोराने जे सोसले ते मूळ भाजण्यापेक्षा कमी नव्हते.

झाले होते असे. शेततळ्याच्या कामावरचे एक जुने खोदाईचे मशीन बंद पडले. कंपनी कोणतीही असली तरी आपण सगळे त्याला जेसीबीच म्हणतो. गिअरचे ऑइल कुलरजवळ गळत होते. मशीन तासावर भाड्याने चाललेले, ऑपरेटर घाईत, मालक त्याहून घाईत. इंजिन बंद करून दहा मिनिटे झाली नसतील तोच या पोराने खाली शिरून कुलरचा पाइप सोडवायला घेतला. नट जाम. जोर लावला, नट एकदम सुटला आणि आतले ऑइल हातावर आले.

वाचकहो, आपल्या जीपला, अँबॅसेडरला किंवा साध्या ट्रकला असा पाइप नसतो. तिथे क्लच प्लेट असते. या मशीनमध्ये मात्र इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे बहुधा फिरत्या ऑइलमार्फत जातो. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे करताना ते ऑइल तापते. ते गार करण्यासाठी दोन पाइपांनी रेडिएटरजवळच्या कुलरमध्ये नेतात आणि परत आणतात. काम चालू असताना या ऑइलचे तापमान ऐंशी ते शंभर अंश सेल्सिअस सहज असते. आपण अंघोळीला घेतो ते कढत पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचे. साठ अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजते. सत्तर अंशांना एखादा सेकंद पुरतो. शिवाय पाणी ओघळून जाते, ऑइल चिकटून बसते. इंजिन बंद केले म्हणून ते गार होत नाही, आणि कुलर उंचावर असल्यामुळे पाइप सुटला की वरचे सगळे ऑइल खाली काम करणाऱ्याच्या अंगावर उतरते.

म्हणून पहिला उपाय दवाखान्यातला नाही, गॅरेजातला आहे. तासभर तरी थांबावे आणि पाइपाजवळ हाताची पालथी बाजू नेऊन आच लागते का ते पाहावे. बकेट जमिनीवर टेकवून ठेवावी. उचललेल्या बकेटखाली किंवा नुसत्या जॅकवर उभ्या मशीनखाली कोणीही जाऊ नये. खाली डबडे ठेवावे, तोंड बाजूला ठेवावे. जाम नटाला दोन पाने लागतात, एकाने मागचा जोड धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने झटका दिला की पाइप पिळतो, पाना निसटतो आणि बोटांची सालटे निघतात. नट सुटावा म्हणून गॅसची ज्योत लावणारेही मी पाहिले आहेत. ऑइलने माखलेल्या जागी ज्योत लावणे याला धाडस म्हणत नाहीत.

तरीही भाजलेच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. घड्याळ लावून वीस. नळ नसेल तर टँकर, कॅन, विहिरीवरची मोटार, जे मिळेल ते. पहिल्या तीन तासांत केव्हाही याचा उपयोग होतो. ऑइलने भिजलेले कपडे काढावेत, पण कातडीला चिकटलेला तुकडा ओढू नये. अंगठी, कडे, घड्याळ लगेच उतरवावे, कारण तासाभरात हात सुजतो आणि मग अंगठी कापावी लागते. बर्फ, शाई, हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात यावे. रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळहाताएवढा भाग म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रियाजवळचा भाग असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असेल तर थेट रुग्णालय गाठावे. 108 ला फोन करावा. भाजलेली जागा दुखत नाही म्हणून खूश होऊ नये. खोल भाजले की वेदना देणाऱ्या नसाच जळतात.

आता दुसरी गोष्ट, जी मला सांगायला जड जाते. कुलरच्या पाइपाशेजारीच मशीनचे हायड्रॉलिक पाइप असतात. कुलरच्या पाइपात उष्णता असते, यांच्यात दाब असतो: दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलो. पाइपाला सुईएवढे भोक पडले तर ऑइलची धार दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक ट्रॅक्टरवाला आला. गळती कुठे आहे ते हाताने चाचपताना तर्जनीला काहीतरी टोचले म्हणाला. बोटावर मुंगी चावल्यासारखा एक ठिपका, रक्त नाही, सूज नाही. मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, दोन गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखे झाले होते. मी पुण्याला पाठवले. तिथे बोट उघडले तेव्हा आत ऑइल पसरले होते. शेवटी बोट काढावे लागले. त्याने मला कधी दोष दिला नाही, पण दोष माझा होता. अशा ठिपक्याला शस्त्रक्रिया लागते, आणि तीही काही तासांत. आज तसा रुग्ण आला तर मी चहाही संपवत नाही. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, हात कधीही नाही. पाइप सोडवण्यापूर्वी इंजिन बंद करून लिव्हर दोन-चार वेळा पुढे-मागे हलवून दाब उतरवावा.

जाता जाता दोन गोष्टी. काम झाल्यावर पेट्रोल-डिझेलने हात धुण्याची पद्धत सोडावी. त्याने कातडीची नैसर्गिक चिकटाई जाते, भेगा पडतात, खाज सुटते. साबण आणि पाणीच बरे. आणि ऑइलची चिंधी पँटच्या खिशात ठेवू नये. जुन्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांत सूत कातणाऱ्या कामगारांच्या मांड्यांशी वर्षानुवर्षे खनिज तेल लागून त्यांना जांघेच्या भागात कातडीचा कॅन्सर होत असे. वापरलेले इंजिन ऑइल तर त्याहून घाण. डिझेल तोंडाने नळी ओढून काढणारा तर महिन्याला एक येतोच. घोट गेला तर उलटी करवू नये, कारण ते फुफ्फुसात उतरते. सरळ दवाखान्यात आणावे.

त्या पोराचा हात बरा झाला. मनगटाजवळ एक गुलाबी पट्टा राहिला आहे आणि थंडीत तो ओढतो, असे तो सांगतो. मागच्या महिन्यात त्यांच्या गॅरेजवरून जाताना पाहिले, तर दाराशी तोटीचा पिंप ठेवला होता. "पाणी प्यायला का?" मी विचारले. "नाही डॉक्टर, वीस मिनिटांचं," तो म्हणाला.