अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू नका!

पाली म्हटले की बाहेरच्या माणसाला अष्टविनायकातला बल्लाळेश्वर आठवतो आणि सुट्टीच्या दिवशीची गाड्यांची रांग आठवते. याच सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे येथे डोंगर फोडून कोरलेली बौद्ध लेणी आहेत आणि गावोगावी आमच्या बौद्धवस्त्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वस्त्यांतली मुले-मुली आज पदवीपर्यंत पोहोचली आहेत. पुढे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. तो एकट्या त्यांचा नाही, चळवळीचाही आहे.

वर्षावासातील एका रविवारी पाली परिसरातील एका विहारात वंदना आणि ग्रंथवाचन आटोपले आणि एक मुलगी हातात कागद घेऊन आमच्यापाशी आली. पदवी झालेली, पुढच्या शिक्षणासाठी विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेला. विद्यापीठाच्या प्रशासकीय कार्यालयात विद्यार्थ्यांना मानधनावर काही महिने काम देण्याची सूचना निघाली होती. याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात, सरकारी मराठीत आंतरवासिता. अर्ज तिने सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता भरला होता. मात्र ‘अनुभव’ या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता : निरंक.

“निरंक का लिहिलेस?” आम्ही विचारले.

“काका, मी कुठे नोकरी केली आहे? काय लिहू मग?”

आम्ही तिला समोर बसवले आणि वकिलाच्या सवयीने उलटतपासणी सुरू केली. आईच्या बचत गटाची वही कोण लिहिते? ती लिहिते, दहावीपासून. जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या कोणी फाडल्या, हिशेब कोणी वाचून दाखवला? तिनेच. वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर कोणी भरले? तिनेच, मोबाइलवर, रेंज मिळते त्या जागी बसून. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला, कोणाचे बँक खाते आधारला जोडलेले नाही, हे तिला तोंडपाठ होते.

वास्तविक पाहता विद्यापीठाच्या कार्यालयात काय चालते? नोंदवह्या ठेवणे, अर्जांची छाननी करणे, कागदपत्रांची त्रुटी काढणे, पैशाचा हिशेब जुळवणे. हे सारे काम ही मुलगी पाच-सहा वर्षे करीत आली होती, एक पैसा न घेता. आणि अर्जात लिहिते निरंक!

दोष तिचा नाही. ज्या समाजाच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत कधी झाली नाही, त्या समाजाच्या लेकरांना स्वतःचे काम हे काम वाटत नाही. ज्याच्या घरात दोन-तीन पिढ्या कारकुनी झाली, त्या घरातला मुलगा जेवतानाच ‘टिपणी’, ‘आवक-जावक’, ‘मंजुरी’ हे शब्द ऐकतो. तो वडिलांच्या कचेरीत दोन वेळा जाऊन आला तरी ‘कार्यालयीन कामकाजाची ओळख’ असे अर्जात लिहितो आणि त्याचे ते खपते. आमची मुलगी खरे काम करून गप्प राहते. गुणवत्तेच्या नावाने जी तफावत दाखवली जाते, तिचा मोठा भाग या एका रकान्यात दडलेला आहे.

आम्ही स्वतः शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजनेत आम्ही नाव घातले. काही मुलांना ग्रंथालयात आणि कार्यालयात बसवले गेले. आम्हाला आणि आमच्यासारख्या दोघा-तिघांना बागेला पाणी घालणे आणि वर्ग झाडणे मिळाले. कोणी जातीचा उल्लेखही केला नाही. फक्त कामाची यादी वाचून दाखवली. ताशी पैसे सर्वांना सारखेच होते. पण वर्षअखेरीस त्या मुलांना टंकलेखन आणि फाईल कळत होती आणि आमच्या हाताला घट्टे पडले होते. श्रमाला आम्ही कमी लेखत नाही. झाडू कोणाच्या हाती आणि फाईल कोणाच्या हाती, हे कोण ठरवते, एवढाच आमचा सवाल आहे.

‘कमवा व शिका’ ही महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोरगरिबांच्या, अस्पृश्यांच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवून श्रमाच्या बळावर शिकवले. पुणे विद्यापीठाची आजची योजना त्यांच्याच नावाने चालते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी ठेवले, ते दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यालाही पदवी घेता यावी म्हणून. कमाई आणि शिक्षण यांची सांगड आपल्याला नवी नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली केंद्राच्या सेवांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला, तो त्यांच्याच पाठपुराव्यामुळे. प्रशासनातल्या मोक्याच्या जागांवर आपली माणसे असल्याशिवाय कायद्याने दिलेला हक्क पदरात पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज मोक्याच्या जागेची पहिली पायरी हळूच बदलली आहे. ती इंटर्नशिपच्या नावाने येते.

येथे कायद्याची मेख समजून घ्यावी लागेल. राज्याच्या लोकसेवांतील आरक्षणाचा २००१ चा कायदा जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यात अनुसूचित जाती आणि बौद्ध धर्मांतरित अनुसूचित जातींना १३ टक्के, तर अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. मात्र ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका त्यातून वगळल्या आहेत. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्याच्या कलम ३अ मध्ये ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव आहेत. विद्यार्थी इंटर्न मात्र यांपैकी कशातच बसवला जात नाही. नोकरी म्हणावी तर तो विद्यार्थी, म्हणून बिंदुनामावली नाही. शिक्षण म्हणावे तर ते प्रवेशाचे ठिकाण नाही, म्हणून तेथेही आरक्षण नाही. राज्यघटनेचे कलम १५ आणि कलम १६ या दोन दारांच्या मधल्या बोळात ही जागा ठेवली गेली आहे. त्या बोळात दिवा नाही. कोणाला घेतले, का घेतले, हे विचारणारा कोणी नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राज्यभर असंतोष उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. तेव्हा आपण रस्त्यावर होतो. पण जे मोठ्या दाराने थांबवले ते लहान दाराने येऊ शकते, याचे भान ठेवले पाहिजे. आज जो कार्यालयात इंटर्न म्हणून बसतो, उद्या तात्पुरत्या जागेसाठी साहेबांना त्याचीच आठवण होते. जो त्या खोलीत कधी गेलाच नाही, त्याची आठवण कोणाला होणार?

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, पोरांना असल्या किरकोळ कामात का अडकवता? त्यांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा, कलेक्टर व्हावे. जरूर व्हावे. पण शंभरातून एखादा कलेक्टर होतो, उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय? शिवाय आपल्या मुलांची शिष्यवृत्ती कलेक्टरच्या टेबलावर अडत नाही. ती महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनमध्ये अडते. अर्ज पुढे पाठवला नाही, त्रुटी दाखवली पण कळवली नाही, तारीख उलटून गेली. त्या पडद्याच्या पलीकडे काय होते, हे आपल्या एका मुलाने आत बसून पाहिले तर तो वस्तीतल्या पन्नास मुलांची शिष्यवृत्ती वाचवू शकतो. रोहित वेमुलाची दरमहाची फेलोशिप अडवली गेली होती आणि १७ जानेवारी २०१६ रोजी आपण तो तरुण गमावला. विद्यापीठाच्या कार्यालयातला एक कागद न हलणे म्हणजे काय, हे चळवळीला नव्याने सांगायला नको.

आता अर्ज करणाऱ्या आमच्या मुला-मुलींना चार गोष्टी सांगतो.

पहिली, योजना ओळखा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना ठरला होता, पण शिक्षण चालू असलेल्यांना त्यात प्रवेश नव्हता. अनेक मुलांनी हे न वाचता हेलपाटे घातले. शिकत असलेल्यांनी ‘कमवा व शिका’ आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या सूचना पाहाव्यात. विद्यार्थी विकास विभागात जाऊन तोंडी नव्हे, लेखी विचारावे.

दुसरी, कागद आधी तयार ठेवा. बोनाफाईड, गुणपत्रिका, जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते. एमएससीआयटी आणि मराठी ३० व इंग्रजी ४० शब्दगतीचे टंकलेखन ज्याच्याजवळ आहे, त्याला बागेत पाठवताना साहेबालाही विचार करावा लागतो.

तिसरी, केलेल्या कामाचा पुरावा घ्या. बचत गट, जयंती समिती, विहार समिती यांनी आपल्या मुलांना लेखी प्रमाणपत्र द्यावे. काय काम केले, किती वर्षे केले, किती रकमेचा हिशेब ठेवला, एवढे चार ओळींत पुरे. खोटे एक अक्षर लिहू नये. आपल्याला खोट्याची गरजच नाही.

चौथी, अर्जाची पोच घ्या. दिनांक आणि शिक्का असलेली प्रत हाती नसेल तर उद्या आम्ही वकील मंडळीही काही करू शकत नाही. निवड झाली तर कामाचे तास, मानधन आणि मुदत लेखी मागा. मुलींनी हेही लक्षात ठेवावे की, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही संरक्षण देतो.

आणि चळवळीने काय करावे? माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाती आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो. विद्यापीठाने गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांना मानधनावर काम दिले, सूचना कोठे आणि कधी लावली, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, त्यांपैकी कार्यालयात किती आणि इतर कामांवर किती, मानधन किती दिवसांनी मिळाले, हे विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आकडे हाती आले की निवेदन द्या. सूचना तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली पाहिजे, निवड यादी फलकावर लागली पाहिजे, जागांत आरक्षणाचे प्रमाण पाळले पाहिजे आणि कामे आळीपाळीने दिली पाहिजेत, या चार मागण्यांना कोणतेही शहाणे विद्यापीठ नाही म्हणू शकणार नाही. मुंबई विद्यापीठ पालीपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. लोणेरेचे विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. सुरुवात घरापासून करायला हरकत नाही.

त्या मुलीने ‘निरंक’वर रेघ मारली नाही. खाडाखोड नको म्हणून नवा फॉर्म घेतला आणि अनुभवाच्या रकान्यात सात ओळी लिहिल्या. जागा पुरली नाही तेव्हा पुरवणी जोडली. बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या बाईंनी प्रमाणपत्रावर सही करताना पेन घट्ट धरला होता. त्या साक्षरता वर्गात सही शिकलेल्या आहेत. अर्जाची पोच मिळाली आहे, निवडीचा निकाल अजून लागायचा आहे. लागेल तो लागो. पुढच्या रविवारी त्याच विहारात आणखी पाच मुले कागद घेऊन बसली होती आणि त्यांना रकाने समजावून सांगत होती तीच मुलगी.

समाजबांधवांनो, आपल्या विहारात वंदनेनंतर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडा. शिकलेल्यांनी एक तास द्या. आपल्या पोरांच्या कामाला नाव द्या, ते कागदावर आणा.

जयभीम!