न भरणारी टाकी

आवास-किहीमपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात संडासाची टाकी चांगली की वाईट, हे ठरवण्याची कसोटी साधी आहे: ती भरते का? ‘१५ वर्षं झाली, एकदाही उपसली नाही’ असं घरमालक कौतुकानं सांगतो आणि गवंडी त्याचं श्रेय घेतो. ग्रामपंचायतीनं मात्र आधी हीच टाकी तपासायला हवी. सेप्टिक टँकमध्ये मैला नाहीसा होत नाही, बसतो. जड भाग तळाशी गाळ होऊन साठतो, तेलकट मळी वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. हवेविना जगणारे जिवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा लागतोच. जी टाकी कधीच भरत नाही, तिला बहुधा तळ घातलेला नसतो, नाहीतर तिचा गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात निघून जात असतो.

टाकीतून निघालेलं पाणी दिसायला निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. त्याची खरी शुद्धी पुढे मातीत होते, तीही माती कोरडी आणि हवेशीर असेल तरच. किनाऱ्यालगतची वाळू पाणी झरकन खाली सोडते आणि भूजल तिथे फार खोल नसतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० संहितेनुसार पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर लांब हवा, भूजल १.८ मीटरच्या आत असेल तर पाणी खड्ड्यात न सोडता जमिनीवर उंचवटा करून मुरवायला हवं. अरुंद वाडीत १८ मीटर मोजायला गेलं तर फीत शेजाऱ्याच्या विहिरीपाशी पोचते. दोन हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात सखल वाडीतल्या खड्ड्याचा तळ ऐन पावसाळ्यात भूजलातच बुडतो. मग गाळण कुठली? त्यात शनिवार-रविवारचे पाहुणे. पाच माणसांच्या हिशेबानं बांधलेल्या टाकीवर २० माणसं आली, की दिवसभर थांबायचं पाणी सहा तासांत बाहेर ढकललं जातं.

यावर म्हणतात, आता नळ आला, विहिरीचं पाणी पितो कोण? पण नळाला पाणी आलं नाही की पाय विहिरीकडेच वळतात. उकळून पिऊ म्हणावं, तर जंतू मरतात, मैल्यातून आलेलं नायट्रेट राहतं. टीसीएल पावडरनंही ते जात नाही. विहिरींच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. पद्धत चांगली आहे, पण कार्ड पंचायतीच्या नावे निघतं; ज्याच्या टाकीमुळे ते पिवळं झालं, त्याच्या दारात कुणी जात नाही.

पंचायतीकडे माणसं नाहीत, अधिकार नाहीत, हा आक्षेप निम्माच खरा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली बांधकामाची परवानगी तिच्या हाती येते. टाकीचा तळ आणि विहिरीपासूनचं अंतर खड्डा उघडा असतानाच पाहता येईल. त्याला अभियंता लागत नाही, फीत पुरते. घरपट्टीसाठी नमुना ८ घरोघरचा ठेवलेला असतोच. त्याच्या जोडीला टाकी कधी बांधली, कधी उपसली याची वही ठेवणं अवघड नाही.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. टँकरचे पैसे एकरकमी मोजायचे म्हटलं, तर गरीब घर उपसा पुढे ढकलणारच. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी यावर तोड काढली: घरमालकाच्या बोलावण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या फेरीत गावातल्या टाक्या उपसायच्या आणि खर्च कराच्या पैशातून भागवायचा. तिथे गाळासाठी शुद्धीकरण केंद्रही आहे, आणि ही अट विसरून चालणार नाही. केंद्र नसताना उपशाची सक्ती केली तर टँकर रात्री खाडीकाठी रिकामा होईल. एकेका पंचायतीला केंद्र झेपणार नाही. जिल्हा परिषदेनं चार-सहा गावांसाठी मिळून एक जागा आधी ठरवावी, टँकर त्यानंतर. पहिल्या नोटिसा मात्र खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना जाव्यात. त्यांच्या टाक्यांवर भार सर्वाधिक आहे आणि उपशाचा खर्च ते खोलीच्या भाड्यात धरू शकतात.