अठ्ठावीस दिवसांचा महिना

गेल्या पावसाळ्यात तात्यापाऱ्यातील एक निवृत्त शिक्षिका आमच्या शाखेत आल्या. रायपूरच्या मराठी घरांतील दोन पिढ्यांना त्यांनी गणित शिकविले, त्यामुळे शाखेतही त्या सर्वांच्या 'बाई'च आहेत. एरवी हसतमुख असणाऱ्या बाई त्या दिवशी कावऱ्याबावऱ्या दिसत होत्या. "अगं, दोन महिने झाले, पेन्शन जमा झाल्याचा मेसेजच नाही. बंद झाली की काय माझी पेन्शन?"

पासबुक छापून त्यांच्या हाती दिले. पेन्शन दरमहा बिनचूक जमा झाली होती. बँकेच्या संगणकातून संदेशही रवाना होत होते. परंतु ते ज्या क्रमांकावर जात होते, तो क्रमांकच मूक झाला होता. बाईंचा फोन बटनांचा, साधा. त्याचे रिचार्ज बंगळुरूला असलेला मुलगा करीत असे. जूनमध्ये मुदत संपली, मुलगा कामानिमित्त परदेशी होता, ते राहून गेले. प्रथम बाहेर जाणारे फोन थांबले आणि काही दिवसांनी येणारेही. बाईंना याचा पत्ताच नव्हता. "मी कुणाला फोन करतच नाही गं, मला येतात. येणाऱ्या फोनला कसले पैसे?"

बाईंचा हा समज निराधार नव्हता, तो केवळ जुना झाला होता. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन नि:शुल्क झाले. पुढे २००५-०६ च्या सुमारास एकदाच ९९९ रुपये भरा आणि 'आजीवन' फोन घ्या, अशा योजना आल्या. घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती पहिला मोबाइल आला तो बहुधा अशाच योजनेतून, आणि 'येणारे फोन फुकट' हे सूत्र त्यांच्या मनात कायमचे कोरले गेले. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्जची अट घातली, तेव्हा हे सूत्र संपुष्टात आले. जाहिरात मात्र योजना सुरू होताना होते, संपताना होत नाही.

रायपूरकर मराठी माणसाला फोनच्या दराचा इतिहास आणखी एका कारणाने चांगला स्मरतो. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. परंतु खासगी कंपन्यांच्या परवान्यांच्या नकाशावर रायपूर आजही मध्य प्रदेश परिमंडळातच आहे. नागपूर मात्र महाराष्ट्र परिमंडळात. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर, लेकी-सुना दोन्हीकडे दिलेल्या. पण फोनच्या हिशेबात ही दोन गावे परकी. रेल्वेने जाताना डोंगरगड सुटले, बोरतलाव मागे पडले आणि दरेकसाच्या जंगलात शिरलो की पडद्यावर कंपनीच्या नावाखाली दुसऱ्या परिमंडळाचे नाव उमटे. मग येणाऱ्या फोनलाही पैसे! 'गोंदियाला पोहोचलो की मिस्ड कॉल देतो' हा ठराव बहुतेक घरांत होता. मार्च २००६ मध्ये भारत संचार निगमने देशभर मिनिटाला एक रुपया असा दर आणला. २००९ मध्ये सेकंदावर आकारणी सुरू झाली. आणि जुलै २०१५ मध्ये देशात कोठेही तोच क्रमांक नेण्याची सोय झाली, तेव्हा आम्हा बदलीवाल्या बँक कर्मचाऱ्यांनी खऱ्या अर्थाने सुटकेचा नि:श्वास टाकला. तोवर प्रत्येक बदलीगणिक क्रमांक बदलावा लागत असे आणि जुन्या शाखेतील ग्राहक महिनोन् महिने कुणा अनोळखी माणसाला आपली कर्जाची कैफियत ऐकवीत बसत.

सप्टेंबर २०१६ नंतर तर बोलण्याचा दर हा विषयच उरला नाही. योजनांत बोलणे अमर्याद झाले आणि किंमत ठरू लागली ती इंटरनेटच्या मापाने. येथेच ग्राहकाची गफलत होते. मिनिटे मोजण्याची आपली जुनी सवय निरुपयोगी ठरली, पण तिच्या जागी नवी मोजणी आपण शिकलो नाही. दुकानदार सांगतो ते किंवा शेजारी घेतो ते रिचार्ज आपण घेतो.

बाईंच्या मुलाने घेतलेल्या शेवटच्या योजनेची पावती आम्ही पाहिली. मुदत ८४ दिवस, रोज दीड जीबी इंटरनेट. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि पावतीच्या पाठीमागे गुणाकार मांडला : १२६ जीबी. ज्या फोनवर बाई इंटरनेट कधी उघडतच नाहीत, त्या फोनसाठी. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "म्हणजे पाण्याचा टँकर मागवायचा नि एक लोटा भरून घ्यायचा!"

हा टँकर टाळण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहिते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती करून प्रत्येक कंपनीला केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरते विशेष रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले. ज्येष्ठ नागरिक आणि घरी ब्रॉडबँड असलेली कुटुंबे यांना मोबाइलवर इंटरनेट नको असेल, तर त्यांनी त्याचे पैसे का मोजावेत, हा त्यामागील विचार. अशा विशेष रिचार्जची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवस करण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनी ८४ दिवसांच्या अशा योजना सुमारे साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांत आणल्या. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीची ८४ दिवसांची योजना आठशे ते साडेआठशेच्या घरात गेली होती. वर्षाचा फरक दीड ते पावणेदोन हजार रुपयांचा होतो. दर बदलतात, तेव्हा हे आकडे त्या वेळचे समजावेत. पण प्रमाण ध्यानात यावे. या योजना दुकानाच्या फलकावर सहसा ठळक दिसत नाहीत, विचारून मागाव्या लागतात. ट्रायच्या संकेतस्थळावर सर्व कंपन्यांचे दर एकत्र पाहण्याची सोय आहे.

दुसरी मोजणी दिवसांची. मोबाइलचा महिना २८ दिवसांचा असतो. वर्षाच्या ३६५ दिवसांना २८ ने भागले की तेरा येतात, म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज. याविषयीच्या तक्रारींमुळे ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून, प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी, असे सांगितले. ज्यांचा पगार किंवा पेन्शन ठरावीक तारखेला होते, त्यांना ही दुसरी सोयीची. योजनेची किंमत मुदतीच्या दिवसांनी भागून दिवसाचा खर्च काढावा. समजा, ३०० रुपयांत २८ दिवस मिळतात, तर दिवसाला पावणेअकरा रुपये पडतात. ३६०० रुपयांत वर्ष मिळत असेल तर दहा रुपयांहून थोडे कमी. फरक दिसतो तेवढा मोठा नाही. शिवाय वर्षाचे पैसे एकरकमी गुंतवून मध्येच कंपनी बदलावीशी वाटली तर उरलेली मुदत बुडते. म्हणून नव्या कंपनीकडे जाताना पहिले रिचार्ज अल्प मुदतीचेच असावे, असे माझे मत आहे.

पोस्टपेड बिलाच्या बाबतीत एक बारकावा. प्रीपेडच्या किमतीत वस्तू व सेवा कर अंतर्भूत असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत तो बहुधा नसतो. ४५० रुपयांचे भाडे १८ टक्के करासह ५३१ होते. चार जणांच्या कुटुंबाने एकच बिल घेतल्यास हिशेब सोपा होतो हे खरे, पण दोन्ही किमती करासह मांडूनच तुलना करावी.

इंटरनेट किती लागते, याचे उत्तर फोनमध्येच असते. सेटिंगमध्ये महिन्याचा वापर दिसतो. तीन महिन्यांचे आकडे लिहून काढावेत. आमचे एक खातेदार पंडरीच्या कापड बाजारात घाऊक व्यापार करतात. दिवसभर फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर कापडाचे नमुने आणि क्यूआर कोडवर येणारे पैसे, एवढाच त्यांचा कारभार. व्यवहाराला इंटरनेट अगदी नगण्य लागते. तरी ते रोज दोन जीबीची योजना घेत होते. याउलट, ताशी दर्जानुसार पाऊण ते दीड जीबी खाणाऱ्या चित्रफिती जेवताना पाहणारा त्यांचा मुलगा दुपारीच रिकामा होई आणि वरचे रिचार्ज करी. घरी वाय-फाय होतेच. त्याला ते जोडायची आठवण नसे. रोजच्या कोट्यातील उरलेले मध्यरात्री लोपते, हेही विसरू नये.

शहरात नेटवर्कचा प्रश्न सहसा येत नाही. पण ज्यांना कामानिमित्त गरियाबंद किंवा नगरी-सिहावाच्या वनपट्ट्यात जावे लागते, त्यांनी किमतीपूर्वी तो प्रश्न विचारावा. कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्या गावातल्या चहावाल्याला विचारणे.

आता बँकेची अधिकारी म्हणून जे सांगणे भाग आहे ते. मोबाइल क्रमांक ही आज खात्याची दुसरी किल्ली आहे. ओटीपी, व्यवहाराची सूचना, पासवर्ड बदलणे, सारे त्याच्यावरून होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसता त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर दायित्व येत नाही. पण सूचनाच पोहोचली नाही, तर ग्राहक कळविणार कसा? म्हणून माझ्या लेखी स्वस्त योजनेचा पहिला निकष हा की, ती क्रमांक अखंड जिवंत ठेवते की नाही. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही आणि त्यात वीस रुपयांचीही शिल्लक नसली, तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला क्रमांक पुढे किमान ९० दिवस कोणास देत नाहीत. त्यानंतर मात्र तो दुसऱ्याचा होऊ शकतो. तुमच्या खात्याची हालचाल मग त्या परक्या माणसाच्या खिशात वाजेल. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बंद क्रमांकांच्या यादीशी आपल्या नोंदी पडताळण्यास सांगितले आहे. तरीही क्रमांक सोडण्याआधी ग्राहकाने स्वतः शाखेत येऊन तो बदलून घेणे इष्ट.

त्यापेक्षा क्रमांक न सोडणेच बरे. कंपनी बदलायची असेल तर १९०० वर एसएमएस पाठवून कोड घ्यावा. त्याच परिमंडळात तीन आणि परिमंडळाबाहेर पाच कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, एवढीच मुख्य अट. रिचार्जमध्ये एसएमएसची सोय नसल्यामुळे पूर्वी अनेकांना हा संदेशच जात नसे. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने ती अडचण दूर केली. स्मार्टफोनवर युपीआय प्रथम जोडतानाही फोनवरून एक एसएमएस आपोआप जातो, म्हणून योजना निवडताना तेवढी सोय आहे ना, हे पाहून घ्यावे.

बाईंच्या क्रमांकाला बंद होऊन ९० दिवस झाले नव्हते, हे नशीब. आमच्या शिपाईदादांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून केवळ बोलण्याचे रिचार्ज करून आणले. मिनिटभरात फोन वाजू लागला. पहिला फोन नागपूरच्या धाकट्या बहिणीचा. "अगं तुला काही झालं की काय म्हणून मी तिकीट काढायच्या बेतात होते!" एवढे आम्हालाही ऐकू आले.

मुलाने परदेशातून स्वयंचलित भरण्याची सोय करून देण्याची तयारी दाखविली. बाईंनी ती मान्य केली, पण घरी जाऊन कालनिर्णयच्या पानावर ८४ वा दिवस मोजून त्याला लाल पेन्सिलीने गोल केलाच. परवा पासबुक भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, तो दिवस रविवारी येतो, तर शनिवारीच विचारून ठेवीन त्याला.