इंग्रजी सर्वनामांचें मर्म

एकदां आठवीच्या वर्गांत मुलांस रजेचा अर्ज इंग्रजींत लिहावयास सांगितला होता. माण तालुक्यांतून शिकावयास आलेल्या एका मुलानें लिहिलें, ‘माय फादर आर इल. दे हॅव कॉल्ड मी होम.’ मीं ‘आर’ च्या जागीं ‘इज’ घातलें, ‘दे हॅव’ खोडून ‘ही हॅज’ केलें आणि वही परत दिली. मुलगा हुशार होता. तांबड्या शाईच्या खुणांकडे पाहून तो जरा घुटमळला व म्हणाला, “सर, ‘ही’ म्हणजे ‘तो’ ना? मग आमच्या आबांना ‘तो’ कसं म्हणायचं?” वर्गांत हंशा पिकला, पण मला हंसूं आलें नाहीं. त्या चुकीच्या मुळाशीं आळस नव्हता. घरीं लागलेलें चांगलें वळण होतें. त्या मुलाला त्या दिवशीं जें उत्तर घाईघाईनें दिलें, तेंच आज सावकाशपणें सर्वांपुढें मांडावें असा विचार आहे.

विद्यार्थी मित्रहो, ‘नामाच्या ऐवजीं येणाऱ्या शब्दास सर्वनाम म्हणतात’ ही व्याख्या तुम्हांस पाठ आहे, आणि इंग्रजी सर्वनामांचे प्रकारही तुम्ही घडाघडा म्हणून दाखवितां. तरी लिहितांना चुका होतात. याचें कारण असें कीं, सर्वनाम नामाची जागा भरून काढतेंच, पण त्याबरोबर बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्यांचें परस्परांशीं नातें काय हेंही सांगतें. हें नातें दाखविण्याची प्रत्येक भाषेची रीत निराळी असते. म्हणून ‘ही’ म्हणजे ‘तो’ अशी शब्दास शब्दाची जोडी लावून भागत नाहीं. तो शब्द त्याच्या भाषेंत काय काम करतो हें पाहावें लागतें.

प्रथम नांवाविषयीं थोडेंसें. इंग्रजी ‘प्रोनाउन’ हा शब्द लॅटिनमधून आला असून ‘नामाच्या ऐवजीं’ हाच त्याचा अर्थ आहे. आपला ‘सर्वनाम’ हा शब्द संस्कृत व्याकरणांतला. पाणिनीनें ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका शब्दगणास ही संज्ञा दिली. पुढें, सर्व नामांबद्दल येऊं शकतें तें सर्वनाम, असा तिचा अर्थ रूढ झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांत संस्कृत संज्ञा व इंग्रजी व्याकरणाची मांडणी यांचा मेळ घातलेला होता. १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघालें. तेव्हां इंग्रजी व्याकरणाच्या तासाला जें तुम्ही शिकतां, तें मराठीच्या तासाला अगदींच परकें नाहीं. मराठींत मूळ सर्वनामें नऊ मानतात : मी, तूं, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. हीं नऊ हाताशीं ठेवून आतां इंग्रजीकडे वळूं.

पहिला प्रकार पुरुषवाचक सर्वनामांचा : आय, वी, यू, ही, शी, इट आणि दे. यांतील ‘ही’, ‘शी’ व ‘इट’ हीं आपल्या ‘तो’, ‘ती’ व ‘तें’ यांसारखीं दिसतात खरीं, पण येथेंच पहिली फसगत होते. मराठींत दरवाजा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘तें’. आमचें लिंग शब्दाला चिकटलेलें असतें. इंग्रजींत सामान्यतः पुरुष ‘ही’, स्त्री ‘शी’ आणि निर्जीव वस्तु ‘इट’. म्हणून ‘खुर्ची मोडली, ती दुरुस्त करा’ या वाक्यांतील ‘ती’ साठीं ‘शी’ योजणें हास्यास्पद होतें. सांगली जिल्ह्याच्या जत भागांत पुष्कळ घरांतून कानडी बोलतात. त्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट लवकर उमजावी. कारण कानडींतही ‘अवनु’ पुरुषास, ‘अवळु’ स्त्रीस आणि ‘अदु’ वस्तूंना व जनावरांना, अशी अर्थावरूनच वांटणी आहे. ज्या मुलास घरची कानडी म्हणजे अडचण वाटते, त्यानें हें ध्यानांत धरावें.

दुसरी गोष्ट ‘वी’ ची. मराठींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही उद्यां अजिंक्यताऱ्यावर जाणार’ असें म्हटलें तर ऐकणारा घरीं राहतो; ‘आपण उद्यां जाऊं’ असें म्हटलें कीं तोही निघतो. गुजरातींत व तेलुगूंतही असा भेद आहे, इंग्रजींत नाहीं. तेथें दोहोंसाठीं एकच ‘वी’. समजा, तुमच्या घरीं कोणी परदेशी पाहुणा आला आणि तुम्ही नुसतें ‘वी आर गोइंग’ म्हणालांत, तर त्यानें बूट घालावे कीं बसून राहावें हें त्याला कळणार नाहीं. अशा वेळीं ‘विथ यू’ किंवा ‘यू स्टे हिअर’ असें कांहीं जोडून अर्थ उघड करावा लागतो. एका भाषेंत एका शब्दांत भागतें तें दुसरींत चार शब्दांनीं सांगावें लागतें. यांत कोणत्याही भाषेचा कमीपणा नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. आपल्याकडे ऐकणारासाठीं तीन पायऱ्या आहेत : तूं, तुम्ही, आपण. दूरच्या माणसाविषयीं बोलतांनाही आदर असेल तर एकाच व्यक्तीस आपण अनेकवचन लावतों. ‘आबा आले’, ‘ते बसले’. ही पायरी चुकली तर भांडणें होतात; ‘तो एकेरीवर आला’ हा वाक्प्रचार त्यांतूनच निघाला. ही एकेरी एके काळीं आमच्या गांवोगांव अन्यायाचें साधनही होती. केस पिकलेल्या माणसाला केवळ त्याच्या जातीवरून लहान पोरांनीं ‘अरे’ म्हणून हांक मारावी, आणि त्यानें त्या पोरांस ‘जी’ म्हणून उत्तर द्यावें, अशी रीत होती. एका सर्वनामानें माणसाचें वय, अनुभव व मान हीं सारीं पुसलीं जात. उलट हेंच ‘तूं’ आपण आईलाही म्हणतों आणि प्रार्थनेंत देवालाही म्हणतों. जेथें अंतर उरलेलें नाहीं तेथें तें शोभतें.

इंग्रजींतही हा भेद पूर्वीं होता. एकास ‘दाउ’ आणि अनेकांस ‘यी’ किंवा ‘यू’ म्हणत. पुढें थोरामोठ्यांस आदरानें ‘यू’ म्हणूं लागले, म्हणजे आपण जसें ‘तुम्ही’ म्हणतों तसेंच. सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनीं, ज्यांस क्वेकर म्हणतात त्यांनीं, असें ठरविलें कीं सारीं माणसें सारखीं आहेत, तर लहानास एक आणि थोरास दुसरें सर्वनाम कशाला? ते न्यायाधीशांसही ‘दाउ’ म्हणत, आणि त्याबद्दल त्यांस लोकांचा रोष सोसावा लागला. पण भाषा दुसऱ्याच वाटेनें गेली. सर्वांस ‘दाउ’ म्हणण्याऐवजीं लोक हळूहळू सर्वांसच ‘यू’ म्हणूं लागले, आणि ‘दाउ’ हें मुख्यतः जुन्या काव्यांत व प्रार्थनांत उरलें. म्हणजे इंग्रजीनें लहानथोर सर्वांशींच ‘अहो-जाहो’ आरंभिलें. एका माणसाशीं बोलतांना ‘यू इज’ न म्हणतां ‘यू आर’ कां म्हणावें, असें तुम्ही नेहमीं विचारतां; त्याचें उत्तर यांत आहे. ‘आबा, तुम्ही आहांत’ यांतील आदरार्थी अनेकवचनच ‘यू आर’ मध्यें घट्ट बसून राहिलें आहे.

तेव्हां त्या मुलानें ‘दे’ लिहून जें केलें, तें इंग्रजीनें ‘यू’ च्या बाबतींत पूर्वींच केलेलें आहे; मात्र तृतीय पुरुषांत केलेलें नाहीं. तेथें राजाही ‘ही’ आणि शिपाईही ‘ही’. म्हणून ‘ही’ म्हणजे ‘तो’ नव्हे आणि ‘ते’ ही नव्हे. त्यांत मान नाहीं, तसा अपमानही नाहीं. आबांना ‘ही’ म्हटल्यानें आबांचा मान रतिभरही कमी होत नाहीं.

पण मग इंग्रजींत आदर राहतो कोठें? तो सर्वनामांत नसून वाक्याच्या घडणींत असतो. ‘आपण यावें’ याचें ‘यू कम’ असें भाषांतर केलें तर शब्द बरोबर असूनही बोलणें हुकमासारखें होतें. तेथें ‘प्लीज’, ‘सर’, ‘वुड यू’ असे शब्द घालावे लागतात. आमच्या मुलांचें इंग्रजी कधीं कधीं उद्धट वाटतें तें याच कारणानें. ‘आपण’ मधला आदर भाषांतरांत गळून पडतो आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवलेलें नसतें.

पुरुषवाचकांचीं रूपें विभक्तीप्रमाणें बदलतात. ‘आय’ चें कर्माचें रूप ‘मी’. उच्चारानें तें आपल्या ‘मी’ सारखें असलें तरी अर्थ ‘मला’ असा आहे. नवशिक्यांनीं येथें जपावें. स्वामित्व दाखविणारीं ‘माइन’, ‘यूअर्स’, ‘हिज’, ‘हर्स’ वगैरे रूपें एकटीं येतात. ‘माय’, ‘यूअर’ हीं नामापूर्वीं येतात. ‘हिज’ मात्र दोन्ही ठिकाणीं चालतें, आणि त्यांत एक खोच आहे. ‘गोविंदानें बाळूला आपली वही दिली’ म्हणजे वही गोविंदाची. ‘त्याची वही दिली’ म्हणजे वही बाळूची किंवा तिसऱ्याची. इंग्रजींत सर्वांस ‘हिज’ च. संशय येईल तेथें ‘हिज ओन’ लिहावें.

आत्मवाचक सर्वनामें म्हणजे मायसेल्फ, हिमसेल्फ, देमसेल्व्ज इत्यादि. यांचीं कामें दोन. क्रिया करणारावरच परत येत असेल तेव्हां, जसें ‘ही हर्ट हिमसेल्फ’. आणि जोर देण्यासाठीं, जसें ‘हेडमास्तर स्वतः आले’. यांतील पहिल्या कामाच्या वेळीं वाक्यांत कर्ता दुसरा असावाच लागतो. म्हणून ओळख करून देतांना ‘मायसेल्फ अमुक’ असें म्हणणें अशुद्ध आहे. ‘आय अॅम अमुक’ असें म्हणावें.

दर्शक सर्वनामें चार : दिस, दॅट, दीज, दोज. आपलें ‘हा, ही, हें’ लिंगाप्रमाणें बदलतें. इंग्रजींत फक्त जवळ-दूर आणि एक-अनेक एवढेंच पाहतात. हींच नामापूर्वीं आलीं तर विशेषणें होतात. ‘दिस इज गुड’ यांत सर्वनाम, ‘दिस बुक’ यांत विशेषण.

प्रश्नार्थक सर्वनामांत ‘हू’ म्हणजे कोण, ‘व्हॉट’ म्हणजे काय, आणि पुढें असलेल्या ठराविक वस्तूंतून निवड करावयाची असेल तर ‘व्हिच’, म्हणजे कोणता.

संबंधी सर्वनामांत आमच्या मुलांची सर्वांत मोठी अडचण. मराठींत ‘जो’ आला कीं मागून ‘तो’ येतोच : ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ.’ इंग्रजींत ‘हू’, ‘व्हिच’ व ‘दॅट’ एकटींच येतात आणि नामाच्या मागून येतात : ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.’ येथें ‘तो’ साठीं ‘ही’ घालूं नये. मनांत ‘काल आलेला मुलगा’ असें वाक्य धरलें तर भाषांतर सोपें जातें.

अनिश्चित सर्वनामें म्हणजे समवन, एनीवन, नोबडी, समथिंग वगैरे. मराठींत ‘कोणी आलें नाहीं’ यांतील नकार क्रियापदांत आहे; इंग्रजी ‘नोबडी केम’ यांत तो सर्वनामांतच आहे. दोन्हीकडे नकार घातला तर अर्थ उलटतो. विभागवाचक ईच, आयदर, नायदर यांपुढें क्रियापद एकवचनी ठेवावें. ‘ईच ऑफ द बॉईज हॅज’ असें लिहावें, ‘हॅव’ नव्हे. शेवटीं परस्परवाचक ‘ईच अदर’ व ‘वन अनदर’. दोहोंचाही अर्थ आपला ‘एकमेकांना’.

पालकांसही एक विनंति. मुलाच्या इंग्रजींत घरच्या बोलीची छटा दिसली तर त्याला हंसूं नये. पुष्कळशा चुका मराठीचे किंवा कानडीचे नियम इंग्रजीवर चालविल्यानें होतात. म्हणजे मुलाला आपल्या भाषेचे नियम पक्के येत असतात. ते नियम त्यास ओळखून दाखविले कीं चूक सुधारते आणि मायबोलीही अधिक कळते.

त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं अर्ज शुद्ध लिहून आणला. इंग्रजींत ‘माय फादर इज इल. ही हॅज कॉल्ड मी होम’ असें होतें, आणि खालीं मराठींत, मीं न सांगतां, त्यानें लिहिलें होतें, ‘आमचे आबा आजारी आहेत. त्यांनीं मला घरीं बोलाविलें आहे.’ दोन्ही वाक्यें शुद्ध होतीं. रजा अर्थातच मंजूर झाली.