शिट्ट्या नको, मिनिटं मोजा

जेसल पार्कातल्या इमारतींमध्ये सकाळ उजाडते ती कुकरच्या शिट्ट्यांनी. भाईंदरहून लोकल गाठायची म्हणजे त्याआधी डबा भरलेला हवा, आणि त्यासाठी कुकरला पर्याय नाही. पण रोज हाताळूनही या भांड्याबद्दलच्या ऐकीव समजुती काही कमी होत नाहीत.

गैरसमज : जितक्या शिट्ट्या जास्त, तितकं शिजणं चांगलं.
वस्तुस्थिती : भाईंदर समुद्रसपाटीला, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. गॅस कितीही मोठा करा, ते त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा दाब झाला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. त्या दाबाला शिट्टी उचलली जाते आणि जादा वाफ निघून जाते. म्हणजे शिट्टी दाबाची खबर देते, डाळ शिजल्याची नाही. मोठ्या गॅसवर लागोपाठ चार शिट्ट्या होतील, बारीक गॅसवर तेवढ्याच वेळात एकच. म्हणूनच माहेरचा शिट्ट्यांचा हिशोब सासरच्या शेगडीवर चुकतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावं. डब्यातल्या भिजवलेल्या तूरडाळीला साधारण १० मिनिटं पुरतात, भिजवलेल्या छोल्यांना १५ ते २०.

गैरसमज : डाळ शिजत नाही म्हणजे कुकर बिघडला.
वस्तुस्थिती : रिंग ढिली नसेल आणि बाजूने वाफ जात नसेल, तर आधी पाणी आणि डाळ तपासा. नळाला पाणी नसलं की सोसायटीत टँकर येतो किंवा बोअरचं पाणी वापरलं जातं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. जुनी डाळही मऊ व्हायला वेळ घेते. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले तर आंबटपणामुळे दाणा टणकच राहतो. ते फोडणीच्या वेळी घालावेत.

गैरसमज : कुकरमध्ये जीवनसत्त्वं मरतात.
वस्तुस्थिती : ‘क’ जीवनसत्त्व कुठल्याही शिजवण्यात थोडंफार जातंच. कुकरमध्ये तापमान जास्त असलं, तरी वेळ बराच कमी लागतो. खरं नुकसान होतं ते भाजी शिजवलेलं पाणी मोरीत ओतल्याने. राजम्याला तर कुकरचा फायदाच आहे: त्यातलं लेक्टिन कच्चं राहिलं तर उलट्या-जुलाब होतात आणि नीट उकळल्यावरच ते निकामी होतं.

गैरसमज : कुकर कधीही फुटू शकतो.
वस्तुस्थिती : १६७९ साली डेनिस पापिनने असं भांडं बनवलं, आणि पुढे त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच जोडला. आजच्या व्हॉल्व्हमधला मिश्रधातू कुकर कोरडा पडून फार तापला की वितळतो आणि वाफेला वाट मिळते. अपघातामागे बहुतेकदा आपलीच घाई असते: वाफेच्या नळीत अडकलेलं डाळीचं साल, काठोकाठ भरलेला कुकर, रस्त्यावर घेतलेला डुप्लिकेट व्हॉल्व्ह किंवा वाफ जिरायच्या आत ओढून काढलेलं झाकण. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. डाळ-तांदूळ थेट घातले तर निम्म्यापर्यंतच. लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, ते बघावं. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खरेदी करताना ते तपासावं.

गैरसमज : आतून काळा पडलेला कुकर विषारी.
वस्तुस्थिती : पाण्यातल्या क्षारांमुळे ॲल्युमिनियमवर तो थर येतो आणि तो अपायकारक नसतो. डब्यांखालच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकलं, की तळ काळा पडत नाही. कुकर टाकायचा तो तळ फुगल्यावर किंवा झाकण नीट बसेनासं झाल्यावर. रंग बदलला म्हणून नव्हे.