तेल, वारा आणि मूस

समईत तेल भरून, वात न घालता, त्या तेलाला पेटती काडी लावली तर तेल पेट घेत नाही. उलट काडीच विझून जाते. त्याच तेलात वात ठेवली की समई रात्रभर तेवत राहते. याचे कारण असे की, जळते ते द्रवरूप तेल नव्हे, तर तेलाची वाफ होय. वात तेलाला थोडे थोडे वर ओढते, ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि त्या वाफेचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश व उष्णता निर्माण होतात. देवघरातील समईपासून धातू वितळविणाऱ्या भट्टीपर्यंत तेल जाळण्याचे सारे शास्त्र या एकाच गोष्टीवर उभारलेले आहे. भेद इतकाच की, समईला घाई नसते आणि भट्टीला ती असते.

ही घाई किती असते ते पाहू. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पितळेस त्यातील जस्ताच्या प्रमाणानुसार साधारणतः ९०० अंशांच्या आगेमागे तपमान लागते आणि तांब्यास १,०८५ अंश. ओतकाम करावयाचे म्हणजे धातू नुसता वितळून चालत नाही. साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचेपर्यंत तो पातळ राहील इतकी अधिक उष्णता त्याला द्यावी लागते. शिवाय मूस तापवावयाची, भट्टीचे अस्तर तापवावयाचे आणि धुराड्यावाटे निघून जाणाऱ्या उष्णतेची भरपाई करावयाची, हा खर्च वेगळाच.

छत्तीसगडात धातू वितळविण्याच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धती नांदत आहेत. रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील कोंडागाव परिसरात बस्तरचे घडवा कारागीर मेणाच्या प्रतिमेभोवती मातीचा साचा बांधून पितळेच्या मूर्ती ओततात. मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत धातूचा रस शिरतो. दुसरीकडे, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेले भिलाई आहे आणि रायपूरलगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. या दोन टोकांमध्ये लहान कारखानदार उभा असतो. त्याला दहा-वीस किलो धातू वितळवावयाचा असतो; विजेची मोठी भट्टी त्याला परवडत नाही आणि कोळसा हवा तेव्हा चढविता-उतरविता येत नाही. अशा वेळी त्याचे लक्ष तेलाच्या बर्नरकडे जाते.

रायपूरचे मुख्य बसस्थानक २०२१ सालापर्यंत पंडरीत होते. पुढे ते भाठागावला हलले. जेथे गाड्यांची वर्दळ असते तेथे त्यांची दुरुस्तीही आलीच. आणि दुरुस्तीतून दोन वस्तू हमखास निघतात. एक म्हणजे झिजलेले पिस्टन आणि दुसरी म्हणजे इंजिनातून काढलेले काळे तेल. पिस्टन सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे असतात आणि असे मिश्रण शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षाही कमी तपमानाला, ५८० अंशांच्या आसपास, वितळू लागते. धातूही हाताशी आणि तेलही हाताशी, तेव्हा एकाने दुसरे वितळवावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो कितपत योग्य आहे हे ठरविण्यापूर्वी तेल नीट कसे जळते ते पाहिले पाहिजे.

तेलाचे तुषार

तेलाची वाफ त्याच्या पृष्ठभागावरून होते. म्हणून तेल त्वरेने जाळावयाचे तर त्याचा पृष्ठभाग वाढविला पाहिजे. एक घन सेंटीमीटर तेलाचा एकच गोल थेंब कल्पिला तर त्याचे पृष्ठफळ पाच चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याच थेंबाचे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या व्यासाचे तुषार केले तर त्यांची संख्या दीड कोटीच्या घरात जाते आणि एकूण पृष्ठफळ १,२०० चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे तेल तेवढेच राहून वाफ होण्याची जागा सुमारे अडीचशे पट वाढली.

हे साधण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या. बाकूच्या तेलक्षेत्रात खनिज तेलातून रॉकेल काढून घेतल्यावर जो दाट गाळ उरे, तो पूर्वी निरुपयोगी समजला जाई. रशियन अभियंता व्लादिमिर शुखोव्ह याने १८८० च्या सुमारास वाफेच्या झोताने त्या गाळाचे तुषार करणारी तोटी तयार केली आणि टाकाऊ पदार्थाचे इंधन झाले. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह आणला. त्यात तुषार नसून रॉकेलची प्रत्यक्ष वाफच तापलेल्या नळीतून बाहेर पडते. आपल्याकडे घरोघरी पंप मारून पेटविला जाणारा स्टोव्ह तो हाच. मात्र दाट तेल अशा नळीत तापविले तर आत कोळसा धरतो आणि छिद्र बुजते; रॉकेललाही पिन मारावी लागे, मग दाट तेलाची काय कथा!

या अडचणीवर रॉबर्ट बॅबिंग्टन या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात सुंदर तोड काढली. एका पोकळ गोळ्यावरून तेलाचा पातळ पापुद्रा वाहू द्यावयाचा आणि गोळ्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून आतली दाबाची हवा बाहेर सोडावयाची. पापुद्रा छिद्रापाशी फाटतो व त्याचे धुक्यासारखे तुषार उडतात. उरलेले तेल खाली ओघळून पुन्हा टाकीत जाते. छिद्रातून केवळ हवाच जात असल्यामुळे तेलातील कचऱ्याने ते बुजत नाही.

बर्नरची घडण

हाताने बनविलेला बर्नर याहून पुष्कळ साधा असतो. सुमारे पन्नास मिलिमीटर व्यासाची लोखंडी नळी घेऊन तिच्या मागच्या टोकाला हवेचा पंखा जोडतात. तिच्या आतून तेलाची बारीक नळी नेतात. तिचे तोंड मोठ्या नळीच्या तोंडापासून थोडे आत ठेवतात. तेलाचा डबा भट्टीपासून दूर आणि उंचावर असतो. वाटेत गाळणी व बारीक फिरणारा कॉक असतो. वेगाने धावणारी हवा थेंबांना फाडते आणि उरलेले काम भट्टीच्या तप्त भिंती करतात, कारण त्यांवर आदळताच तेलाची वाफ होते. म्हणून अशी भट्टी थंड असताना तेलावर चालत नाही. प्रथम लाकूड किंवा कोळसा पेटवून अस्तर तापवावे लागते.

भट्टी आतून गोल असते आणि बर्नरचे छिद्र तळाजवळ, भिंतीला स्पर्शून जाईल अशा तिरक्या दिशेने ठेवतात. त्यामुळे ज्योत मुशीवर सरळ न आदळता तिच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरत वर चढते. ज्योत एकाच जागी आदळत राहिली तर मूस तेथे झिजते, आणि भरलेली मूस फुटणे हा ओतशाळेतील सर्वांत भयंकर प्रसंग होय.

हवेचा हिशेब

एक किलो तेल पूर्ण जळण्यास सुमारे चौदा किलो हवा लागते. भट्टी तासाला चार लिटर तेल खात असेल, तर तिला दर तासाला सुमारे बेचाळीस घनमीटर हवा पाहिजे. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा खोलीत मावते, त्याहून ही हवा अधिक आहे. तेल डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. म्हणून नवखा मनुष्य तेलाचाच विचार करतो. धातू वितळेना की तो कॉक अधिक उघडतो. येथेच त्याची चूक होते.

हवा अपुरी पडली म्हणजे तेलातील कार्बनचा कार्बन डाय-ऑक्साइड न होता कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्या कार्बनपासून मिळू शकणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम अठ्ठावीस टक्के उष्णता हाती येते. काही कार्बन तर काजळीच्या रूपाने तसाच उडून जातो. अधिक तेल घालून भट्टी थंड होते ती अशी! उलट हवा फार झाली तरीही हानीच होते. कारण हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नायट्रोजन असून तो ज्वलनास मदत न करता नुसता तापून बाहेर पडतो. बर्नर जुळविणे म्हणजे या दोन चुकांमधील वाट शोधणे होय.

ज्योतीची भाषा

ही वाट महागड्या उपकरणांवाचूनही सापडते. पंखा मंद ठेवून प्रथम थोडेच तेल सोडावे आणि अस्तर लाल होईपर्यंत धीर धरावा. नंतर थोडे तेल, मग थोडी हवा, असे पाळीपाळीने वाढवावे. दोन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला ते कळत नाही.

झाकणाच्या तोंडातून लांब पिवळी ज्योत व काळा धूर येत असेल तर तेल जास्त आहे. ज्योत दिसेनाशी होऊन आवाज कर्कश झाला आणि अस्तराची लाली उतरू लागली तर हवा जास्त आहे. ज्योत धपधप करीत तुटू लागली तर तेल सलग येत नाही किंवा त्यात पाणी मिसळले आहे. पांढरा, उग्र वासाचा धूर निघाला तर तेलाची वाफ न जळताच बाहेर पडत आहे असे समजावे. अशा वेळी तेल तत्काळ बंद करावे, कारण ती वाफ अवचित पेटली तर भडका उडतो. झाकणाच्या तोंडाशी वीतभर ज्योत, एकसारखा घुमणारा आवाज आणि सर्वत्र सारखे नारिंगी दिसणारे अस्तर, ही नीट जुळलेल्या बर्नरची खूण होय.

बर्नर बिनचूक जुळला तरी धातूची काळजी संपत नाही. एक किलो तेल जळले की एक किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. तप्त ॲल्युमिनियम या वाफेतील हायड्रोजन शोषून घेते आणि गोठताना तो ओकते. कारण वितळबिंदूपाशी द्रव ॲल्युमिनियममध्ये हा वायू घन ॲल्युमिनियमच्या सुमारे वीसपट विरघळतो. परिणामी ओतीव वस्तू आतून छिद्रमय निघते. म्हणून मूस झाकावी आणि धातू गरजेपेक्षा अधिक तापवू नये. पितळेत वेगळीच अडचण येते. जस्त ९०७ अंशांना उकळते; भट्टी रेंगाळली की ते पांढऱ्या धुराच्या रूपाने उडते, आणि तो धूर श्वासात गेल्यास कारागिराला थंडी वाजून ताप येतो.

फुकटचे तेल?

एक किलो तेलातून सुमारे १०,००० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि एक किलो ॲल्युमिनियम वितळविण्यास अदमासे २६० लागतात. हिशेबाने एका किलो तेलात अडतीस किलो धातू वितळावा. पण मुशीच्या साध्या भट्टीत बहुधा त्याचा दहावा ते पाचवा हिस्साच पदरात पडतो. या तोट्यामुळेच इंजिनातून काढलेल्या फुकटच्या तेलाचा मोह होतो. तथापि त्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि निरनिराळी रसायने उतरलेली असतात व ती धुरावाटे शेजाऱ्यांच्या श्वासात जातात. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते नोंदणीकृत शुद्धिकेंद्राकडेच गेले पाहिजे. भट्टीसाठी स्वच्छ इंधन घ्यावे. पेट्रोल तर कधीही वापरू नये.

ओतशाळेचा पहिला नियम पाण्याविषयीचा आहे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट जागा व्यापते; ओलसर साच्यात किंवा दमट जमिनीवर पडलेला धातूचा रस बंदुकीच्या छऱ्यांसारखा उडतो. म्हणून जमिनीवर कोरडी वाळू पसरावी, साचा व भंगार आधी तापवून घ्यावे, भट्टी मोकळ्या हवेत ठेवावी आणि थांबविताना आधी तेल बंद करून मगच पंखा बंद करावा. विद्यार्थ्यांनी हा लेख वाचून भट्टी पेटवू नये. ते काम अनुभवी ओतकाऱ्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

पण ज्योतीची भाषा शिकण्यास भट्टी लागत नाही. घरच्या गॅसच्या शेगडीची ज्योत कधी निळी असते, तर कधी पिवळी पडून भांड्यांचे बूड काळे करते. वायू तोच, शेगडीही तीच. मग बदलले काय, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा आणि बर्नरखालील हवा शिरण्याची जागा कचऱ्याने बुजली आहे काय, हे शेगडी थंड असताना वडील माणसांकडून पाहून घ्यावे. भांड्याच्या बुडावरील ती काजळी आणि भट्टीच्या तोंडातून निघणारा काळा धूर या दोहोंचे कारण एकच आहे.